कर्णाचं शेपूट

मासागोरो सुताराच्या कामशाळेच्या भिंतीवर आकड्यांची एक रांग होती, आणि त्या रांगेने त्याच्या मुलीच्या, ओकिनूच्या, आयुष्याचा पार विचका केला होता.

दाराजवळच्या पहिल्या फळीवर ती सुरू व्हायची. एक, चार, एक, चार, दोन, एक, तीन… शाईने काढलेले बोटभर उंचीचे आकडे. तिथून ती खिडकीखालून, टांगलेल्या करवतींच्या मागून, फळीमागून फळी ओलांडत दोन भिंती संपवून तिसरीवर पोचली होती. चौथी भिंत अजून कोरी होती. ओकिनू त्या भिंतीकडे कधी पाहायची नाही.

एक शाकू, म्हणजे साधारण फूटभर, लांब आणि तेवढाच रुंद चौकोन घ्यायचा. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, किती लांबी भरते? कोझुके प्रांतातल्या कुठल्याही सुताराला विचारा, तो म्हणेल, एक शाकू, चार सुन आणि वर थोडं. दहा सुनांचा एक शाकू. सुताराच्या गुण्याच्या, म्हणजे काटकोनी पट्टीच्या, पाठीवर तसल्या खुणाच कोरलेल्या असतात. गुण्या उलटा धरला की काम भागतं. पण काम भागतं हेच मासागोरोला सोसत नसे. ‘वर थोडं’ म्हणजे किती? ते कुठे संपतं?

त्याचा एक ठाम विश्वास होता. दोरीचे सात सारखे भाग करा आणि एका भागाची लांबी काढत बसा. आकडे थोडे धावतात आणि मग पहिल्यापासून तेच पुन्हा सुरू होतात. सतरा भाग करा, एकोणीस करा, रांग लांबते, पण फिरून येतेच; आणि जी फिरून येते ती कशाची तरी वाटणीच असते. हे त्याने स्वतः करून पाहिलं होतं आणि मुलीकडूनही करून घेतलं होतं. मग कर्णाची रांग का नाही येणार? लाकूडच ते. बाजूही लाकडाची, कर्णही लाकडाचा. कुठेतरी एक बारीक कपची असणारच, जी बाजूतही नेमकी बसते आणि कर्णातही.

त्या भागात चाल अशी की भूमितीचं कोडं सुटलं, की रंगीत आकृतीसह लाकडी पाटीवर लिहून देवळाच्या वळचणीखाली टांगायचं. शेतकरी टांगत, सामुराई टांगत, एकदा तर एका न्हाव्याने टांगली होती. मासागोरोही तरुणपणी कर्णाची पाटी घेऊन हाचिमानच्या देवळात निघाला होता आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. ‘वर थोडं’ असं उत्तर घेऊन देवासमोर जायची त्याला लाज वाटली. रांग फिरून येईल तेव्हाच पाटी चढवीन, असा नवस तो तिथेच, रस्त्यात उभा राहून बोलला. गाव तेव्हापासून त्याला शेपूटवाला म्हणतं. कर्णाच्या मागे शेपूट आहे आणि हा ते धरायला धावतो आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. डोळेही अधू झाले. भिंतीवरचे आकडे दिसत, सोरोबानचे, म्हणजे हिशेबाच्या मणिपाटीचे, मणी दिसत नसत. तेव्हापासून तो शेगडीजवळ पडून असे, आणि जमिनीवर एकापुढे एक मांडलेल्या सोरोबानांवर गुडघे टेकून मणी सरकवायची ओकिनू. एक आकडा काढायला अख्खी सकाळ जाई. कुठे चुकलं तर दुपारही.

“त्याच्या पेजेचं मी बघेन, अंथरुणाचं बघेन,” ओतोरा काकू म्हणायची. ती मासागोरोच्या धाकट्या भावाची बायको, कुंपणापलीकडेच राहायची. “ते मणी मात्र माझ्याच्याने व्हायचे नाहीत. ते तुझं तू निस्तर.”

आणि निस्तरायची घाई होती. नदीच्या खालच्या अंगाला बाजारपेठेचं गाव होतं, तिथला यासुझो पिंपं आणि बादल्या बनवायचा. देवदाराच्या फळ्या न्यायला तो दर महिन्याला वर यायचा, आणि फळ्या निवडायला त्याला हल्ली फार वेळ लागायचा. ओकिनू सव्वीस वर्षांची होती. त्या वयाच्या मुलीच्या लग्नाचा विषय गावाने केव्हाच सोडून दिला होता. यासुझोने तो काढला तेव्हा ती म्हणाली होती, रांग फिरून येऊ दे. वडिलांना तसं वचन दिलं आहे.

“येणार कधी ती?” यावेळी फळ्या बांधता बांधता यासुझोने विचारलं.

“येईल तेव्हा येईल.”

“माझी आई म्हणते, मुलीला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून आकडे पुढे करते.”

“तुझ्या आईला सांग, ये आणि बस मण्यांवर. मग कळेल लाज कशी वाटते ती.”

यासुझो हसला, पण गाठ मारताना त्याने दोरी जरा जास्तच ओढली. “ओकिनू-सान, थट्टा नाही. आईने दुसरी मुलगी बघितली आहे. उत्सवापर्यंत थांबतो म्हणालो मी. त्यापुढे माझं घरात काही चालायचं नाही.”

हाचिमानचा शरद उत्सव तोंडावर आला होता. यासुझो गेल्यावर ओकिनूला एका जागी बसवेना. तिने झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. मुळे खारवायला घेतले आणि मीठ दोनदा टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओतोरा काकू उत्सवाच्या झालरींसाठी पांढऱ्या कागदाचा गठ्ठा घेऊन आली. कागद चौकोनी कापून ठेवलेले होते. वडिलांचा दुपारचा डोळा लागला होता. दोघी घड्या घालत बसल्या, काकूचं तोंड चालू, ओकिनूचा हात चालू. घडी चुकली म्हणून तिने एक कागद बाजूला टाकला आणि मग अस्वस्थ माणूस करतो तसं त्याच्याशी चाळा करू लागली. आधी कर्णावर घडी घालून उलगडली. मग कागदाची एक बाजू उचलून त्या कर्णाच्या रेषेवर आणून दाबली.

बाजू संपली, कर्ण थोडा पुढे उरला. त्या उरलेल्या तुकड्यावर, कोपऱ्यात, एक लहानसा त्रिकोण उभा राहिला. अर्धा चौकोनच तो. उरलेला तुकडा ही त्याची बाजू, आणि त्याचा कर्ण कागदाच्या कडेवर.

ओकिनूचा हात थांबला.

तिने त्या लहान त्रिकोणावर तीच घडी घातली. आणखी लहान त्रिकोण. पुन्हा तीच. कागद जाड झाला, घडी बसेना, पण ते कागदाचं दुखणं होतं, आकृतीचं नव्हतं. आकृतीला थांबायचं कारणच नव्हतं.

“काय गं, भूत दिसल्यासारखी काय बघतेस?” काकू म्हणाली.

“काकू, समजा एक कपची आहे. बाजूत पूर्ण बसते, कर्णातही पूर्ण बसते.”

“बसू दे बापडी.”

“मग कर्णातून बाजू काढली तर जे उरेल, त्यातही ती पूर्णच बसणार ना? आणि मोठ्या बाजूतून हे उरलेलं काढलं की लहान कर्ण येतो, त्यातही पूर्णच. मग त्याच्या पोटातल्या चौकोनात, आणि त्याच्या पोटातल्या. पण हे तर बारीक होत जातं, होतच जातं… शेवटी कपचीपेक्षा लहान चौकोन येईल. त्यात कपची पूर्ण कशी बसेल?”

“मला विचारतेस?” ओतोरा काकूने कागदांचा गठ्ठा छातीशी धरला. “घरात एक शेपूटवाला पुरे आहे. झालरी कर.”

ओकिनूने झालरी केल्या. कपची नाहीच. कपची नाही म्हणजे कर्ण ही कशाचीच वाटणी नाही, आणि वाटणी नाही म्हणजे रांग फिरून येणार नाही. आज नाही, चौथी भिंत भरल्यावर नाही, ती म्हातारी होऊन मेल्यावरही नाही. दोन भिंतींभर आकडे तिने आणि तिच्या बापाने कधीही न येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडले होते. तिला रडूही येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्हीतलं काय आधी करावं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी पेज भरवताना तिने विषय काढला. “बाबा, समजा ती फिरून येतच नसेल तर?”

“समजा सूर्य पश्चिमेला उगवला तर?” मासागोरोचं बोलणं एका बाजूने घरंगळायचं, पण खवचटपणा शाबूत होता. “कंटाळलीस, असं सांग.”

“कंटाळले नाही. मी एक घडी घातली कागदाची—”

“कागद! मी लाकडाचा माणूस आहे. उद्या सकाळी मणी मांड.” मग तो जरा मऊ झाला. “थोडंच राहिलंय गं. मला आतून वाटतंय, थोडंच राहिलंय.”

हे ‘थोडंच राहिलंय’ ती दोन वर्षं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मणी मांडले. बराच वेळ टकटक वाजवले. त्या वाजण्यात हिशेब नव्हता, नुसता आवाज होता. मग ती म्हणाली, “एक.” आणि कुंचला शाईत बुडवून भिंतीवर एक काढला. दुपारी म्हणाली, “चार.”

“आज दोन निघाले?” म्हातारा खूश झाला. “हात बसला तुझा.”

खोट्याला मेहनत लागत नाही, त्यामुळे आकडे भराभर निघू लागले. एक. चार. दोन. चौथ्या-पाचव्या आकड्याला मासागोरो काही बोलला नाही. एवढं तर पूर्वीही योगायोगाने जुळलं होतं आणि आनंदाच्या भरात त्याने उगाच पेज टाकून दिली होती. पण तो भिंतीवरून नजर हलवीना. एक. तीन. पाच. सहा. त्याने चांगला हात अंथरुणाबाहेर काढून मूठ वळली. पुढचे काही दिवस त्या खोलीत कुणी मोठ्याने श्वास घेतला नाही. ओकिनू आकडा सांगायची, रंगवायची, आणि मागच्या दारी जाऊन तोंडावर गार पाणी मारायची. दाराजवळची पहिली फळी जशीच्या तशी तिसऱ्या भिंतीवर उतरली तेव्हा तिच्या बापाच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

“आली,” तो म्हणाला. “ओकिनू, आली गं.”

सुगिकुबो गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेपूटवाला म्हणणारे लोक दारात येऊन वाकून गेले. ओतोरा काकूने साके, तांदळाची दारू, गरम केली. उत्सवाच्या आदल्या दिवशी यासुझोही आला, स्वतः घडवलेली झाकणाची देखणी बादली घेऊन. लग्नाचं बोलायला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. पाटी रंधा मारून तयार होती. चौकोन लाल रंगात, कर्ण निळ्या. फक्त उत्तर लिहायचं राहिलं होतं. ओकिनू कोपऱ्यात बसून वाट्या पुसत होती, पुसलेल्याच पुन्हा पुसत होती. उद्या खोटं उत्तर देवासमोर टांगायचं. परवा नदीच्या काठाने खाली जायचं. एवढंच गिळायचं, मग सुटले.

“छान बादली,” मासागोरो डाव्या हाताने ती चाचपत म्हणाला. “तोंड केवढं धरलंस? कडेला बांबूचा पट्टा किती लागला?”

“तोंडाच्या तिप्पट धरतो आम्ही,” यासुझो अदबीने म्हणाला, “आणि वर थोडं.”

“वर थोडं!” म्हातारा इतका हसला की काकूला त्याची पाठ चोळावी लागली. “ऐकलंस का ओकिनू? हे पिंपवाले तर आपल्याहून गेलेले! पण आता भीती नाही. कर्ण फिरून आला, तर वर्तुळ कुठे जातंय? चौथी भिंत मोकळीच आहे. उत्सव झाला की लगेच सुरू करू. लग्न काय, तेवढं वर्तुळ झालं की लावून टाकू.”

यासुझो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. ओकिनूच्या हातातली वाटी खाली पडली आणि शेगडीच्या कडेपर्यंत लोळत गेली.

“बाबा, ती आलेली नाही.”

“कोण?”

“रांग. मी खोटं सांगितलं. मणी नुसते वाजवले. पहिल्या फळीवरचे आकडे बघून बघून लिहिले मी.”

मासागोरोने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने साकेचा पेला डाव्या हाताने फेकला. नेम चुकला आणि पेला यासुझोच्या बादलीवर आपटला.

“का?” तो ओरडला. “माझा हात होतीस तू! माझाच हात मला फसवतो?”

“मला जायचं होतं!” तीही ओरडली. बापासमोर इतक्या मोठ्याने ती आयुष्यात बोलली नव्हती. “तुमचं थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय, आणि मी म्हातारी होत चालले! ती येणारच नाही बाबा. कधीच नाही. सांगायला आले तर म्हणालात मणी मांड!”

“येणार नाही हे तू ठरवणार?”

ओकिनूने झालरींतून उरलेला एक चौकोनी कागद त्याच्या छातीवर ठेवला. “मी नका म्हणू. तुम्ही घडी घाला. बाजू कर्णावर आणा.”

त्याने कागद भिरकावला नाही. सुतार होता, सामान पुढे आलं की त्याचा हात आधी चाचपून बघायचा. डाव्या हाताने आणि हनुवटीने धरून त्याने घडी घातली. वाकडी झाली, पुन्हा घातली. ती सांगत गेली: उरलं ते बघा, त्यावर उभा राहिला तो अर्धा चौकोन बघा. तुमची कपची मोठ्या चौकोनात बसते म्हणता, मग ह्यातही बसायला हवी. आता ह्याचीच घडी घाला. आता त्याच्या पोटातल्याची.

“कपची आणखी बारीक घेतली तर?”

“घ्या. तांदळाची कणी घ्या, धूळ घ्या. चौकोन तिच्याही खाली जातो. थांबतच नाही तो.”

“पण सात भागांची दोरी येते फिरून.”

“तिला कपची आहे. सातवा भाग हीच कपची. जे फिरून येतं ते कशाची तरी वाटणी असतं, तुम्हीच शिकवलंत. ह्याला कपचीच नाही, बाबा. आपण दोन्हीला ‘वर थोडं’ म्हणत राहिलो. ती दोन वेगळी थोडी आहेत.”

मासागोरो घड्या घालत राहिला. कागद नखाएवढा झाला, मग घडी बसेना. तो तुकडा त्याने बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला, ओठांना लावून कड तपासली. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि शेगडीवरची किटली उगाच फुरफुरत होती.

“खोटं कुठून सुरू होतं?” शेवटी त्याने विचारलं.

तिने बोट ठेवून दाखवलं.

“रंधा आण.”

यासुझोने त्याला मागून उचलून भिंतीपाशी बसवलं. म्हाताऱ्याने डाव्या हातात रंधा धरला, ओकिनूने त्याच्या हातावर आपला हात दाबला, आणि दोघांनी मिळून तो अंगाकडे ओढला. फळीवरून पातळ सालपट निघालं, त्यावर एक आणि चार. पुन्हा ओढला. खोटे आकडे गुंडाळ्या होऊन त्याच्या मांडीवर पडत गेले, आणि खालून लाकूड पांढरं निघालं. घाम पुसायला तो थांबला तेव्हा राग कुठेच दिसत नव्हता. फार दमलेला दिसत होता.

“थोडंच राहिलंय म्हणून तुला धरून ठेवलं मी,” तो म्हणाला. “संपणारं असतं तर आजही म्हणालो असतो, शेवटापर्यंत थांब. पण जे संपतच नाही त्याच्यासाठी माणसाला कुठवर थांबवायचं? तू आज गेलीस काय आणि म्हातारी होऊन गेलीस काय, त्याला तेवढंच उरणार.” मग तो यासुझोकडे वळला. “बादली फुटली का रे?”

“नाही. टवका गेलाय.”

“मग ही आणि ती, दोन्ही घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी हाचिमानच्या वळचणीखाली जी पाटी चढली तिच्यावर एकही आकडा नव्हता. चौकोन होता, त्याच्या पोटात घडीचा चौकोन, त्याच्या पोटात आणखी एक, आणि उत्तराच्या जागी लिहिलं होतं: दोघांना मोजणारी कपची नाही. खाली नाव ओकिनूचं. नवस तुमचा होता, असं तिने म्हणून पाहिलं, तर तो म्हणाला, मग माझं खाली बारीक लिही. लोक पाटी बघत, मान हलवत आणि भाजलेले कोन्याकू खायला निघून जात.

नव्या वर्षात ओकिनू माहेरी आली. दारात गवती जोडे काढतानाच तिला आतून मण्यांचा आवाज आला, हळू, अडखळत, मधे लांब थांबत. ती तशीच आत धावली. अंथरूण भिंतीपाशी सरकवलेलं होतं आणि सोरोबान त्याच्या डाव्या अंगाला ओढून घेतलेले होते. भिंतीवर, जिथे लाकूड रंध्याने सोलून पांढरं झालं होतं, तिथे एक नवा आकडा होता. वाकडातिकडा, शाई ओघळलेला, डाव्या हाताचा. उत्सवापासून आतापर्यंत एवढा एकच निघाला होता.

“बाबा, कशाला?” ती अंथरुणापाशी बसली. “आता तर तुम्हाला माहीत आहे, ती फिरून यायची नाही.”

“ते माहीत आहे,” मासागोरो मण्यांवरून बोट न काढता म्हणाला. “पुढचा कोणता, ते नव्हतं माहीत.”